उबवणीच्या अंड्याचा दर्जा: कोंबडीचे वय आणि खुराक यांचा मेळ कसा घालावा

उबवणी यंत्रात 21 दिवस ठेवलेल्या अंड्यांतून अपेक्षेइतकी पिल्ले बाहेर आली नाहीत की पहिला संशय यंत्रावर जातो. तापमापक तपासला जातो, पंख्याचा आवाज ऐकला जातो आणि मधल्या काळात वीज किती वेळा गेली याची उजळणी होते. गोव्यातल्या डिचोली तालुक्यात दीडशे माद्यांचा पैदाशीचा कळप सांभाळताना माझे मत मात्र असे बनले आहे की, दोष पुष्कळदा यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच अंड्यात बसलेला असतो. तो शोधायचा असेल, तर अंडे घालणारी कोंबडी किती आठवड्यांची होती आणि त्याआधीच्या पंधरवड्यात तिने काय खाल्ले होते, या दोन गोष्टी लिहून ठेवलेल्या असाव्या लागतात. खाण्याच्या अंड्याला हा हिशेब फारसा लागत नाही. पिल्लू काढायच्या अंड्याला तो लागतोच, कारण कवच बंद झाल्यावर आतल्या जिवाला बाहेरून प्राणवायूखेरीज जवळजवळ काहीच मिळत नाही. त्याची सगळी शिदोरी आईने आधीच बांधून दिलेली असते.

आधी वही, मग खुराक

अंड्याचे निरनिराळे भाग निरनिराळ्या वेळी तयार होतात, हे एकदा नीट समजून घेतले की पुढचे बरेच काम सोपे होते. बलकाची जलद वाढ अंडे पडण्यापूर्वीच्या साधारण 8 ते 10 दिवसांत होते. पांढरा भाग त्यावर काही तासांतच चढतो. कवचाला मात्र 18 ते 20 तास लागतात आणि त्यातले बहुतेक काम रात्री चालते. त्यामुळे खुराकातल्या कॅल्शियमची चूक एक-दोन दिवसांत कवचावर दिसते, तर जीवनसत्त्वांची चूक बलकात उतरायला आठवडा-दीड आठवडा घेते आणि आपल्या डोळ्यांना ती थेट उबवणीनंतरच दिसते.

उदाहरणाने सांगतो. एका वर्षी 10 ऑगस्टला आमचा घाणा, म्हणजे उबवणीची खेप, वाईट निघाला. ती अंडी 20 जुलैला यंत्रात घातली होती, 16 ते 19 जुलैदरम्यान गोळा केली होती, म्हणजे त्यांचे बलक 6 जुलैनंतरच्या दिवसांत भरले होते. वहीत पाहिले तर 5 जुलैला मक्याचे नवे पोते उघडल्याची नोंद होती आणि त्याच पोत्याच्या तळाशी नंतर बुरशी सापडली. वही नसती तर मी ऑगस्टमधला खुराक तपासत बसलो असतो, आणि तो निर्दोष होता. म्हणून प्रत्येक पोते उघडल्याची तारीख, खुराकातला प्रत्येक बदल आणि कळपाचे त्या दिवशीचे वय आठवड्यांत लिहावे. वेगवेगळ्या वयाचे दोन कळप असतील, तर अंड्यावर शिसपेन्सिलीने कळपाची खूण करावी. बॉलपेन वापरू नये.

वयाप्रमाणे अंडे कसे बदलते

कोवळ्या कोंबडीचे अंडे लहान, जाड कवचाचे आणि दिसायला देखणे असते. त्या देखणेपणाने फसून पुष्कळजण पहिल्या पंधरवड्यातलीच अंडी यंत्रात घालतात. या अंड्यांचा बलक लहान असतो, त्यात पोषणाचा साठा कमी उतरलेला असतो आणि घट्ट कवचातून पाण्याची वाफही कमी बाहेर पडते. परिणामी पहिल्या काही दिवसांत मरणाऱ्या गर्भांचे प्रमाण वाढते आणि निघालेली पिल्ले हलकी भरतात, कारण पिल्लाचे वजन अंड्याच्या वजनाच्या साधारण दोन-तृतीयांश असते. जड जातीच्या कळपात अंडे 50 ग्रॅमच्या पुढे जाईपर्यंत, म्हणजे बहुधा 26-27 आठवड्यांपर्यंत, थांबावे. गावठी कोंबडीला हा आकडा लावू नये. तिचे भरात आलेले अंडेच 40 ग्रॅमच्या आसपास असते. तिथे आपल्याच कळपातल्या प्रौढ माद्यांच्या अंड्यांची सरासरी काढून त्याहून फार लहान अंडी बाजूला ठेवावीत.

येथे एक गोष्ट सांगणे भाग आहे. वनराजा किंवा गिरिराजा हे संकरित पक्षी आहेत. त्यांच्या अंड्यांतून पिल्ले निघतात, पण ती आईबापांसारखी एकसारखी निघत नाहीत. खुराक कितीही चांगला दिला तरी ही गोष्ट बदलत नाही.

30 ते 45 आठवड्यांचा काळ सर्वांत निर्धोक असतो आणि त्याबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. खुराक स्थिर ठेवावा आणि वजन वाढू देऊ नये.

खरी कसोटी 45-50 आठवड्यांनंतर लागते. अंडे वजनाने वाढत जाते, परंतु कवचासाठी कोंबडी जे कॅल्शियम खर्च करते ते जवळजवळ तेवढेच राहते, म्हणून तेवढाच चुना मोठ्या पृष्ठभागावर पसरतो आणि कवच पातळ होते. त्यातच आतड्यातून कॅल्शियम शोषून घेण्याची तिची ताकद वयाप्रमाणे कमी होते. बलकाचा वाटा वाढतो, पांढरा भाग प्रमाणाने घटतो आणि पातळ पडतो. बशीत फोडलेले अंडे पाहिले, तर कोवळ्या कोंबडीच्या अंड्यात बलकाभोवती पांढऱ्याचे घट्ट वर्तुळ उंच उभे राहिलेले दिसते, साठ आठवड्यांच्या कोंबडीच्या अंड्यात ते कडेला पसरून गेलेले असते. असे अंडे साठवणुकीत लवकर उतरते. तरुण कळपाचे अंडे आठवडाभर निभावते, पण जुन्या कळपाचे अंडे चार दिवसांच्या आत यंत्रात गेलेले बरे.

खुराकाची घडण

दुहेरी उपयोगाच्या (अंडी आणि मांस दोन्हींच्या) जातींसाठी मी वापरत आलेली 100 किलोची घडण अशी आहे: भरडलेला मका 58 किलो, सोयाबीनची पेंड 20 किलो, तेल काढलेला भाताचा कोंडा 9 किलो, सुक्या मासळीचा कुटा 3 किलो, शिंपल्यांचा चुरा व चुनखडी मिळून 8 किलो, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) सव्वा किलो, मीठ 250 ग्रॅम, पैदाशीच्या कोंबड्यांचे जीवनसत्त्व-खनिज प्रिमिक्स 400 ग्रॅम आणि मेथिओनिन (प्रथिनांचा एक घटक) 100 ग्रॅम. यातून साधारण साडेसोळा टक्के प्रथिने आणि साडेतीन टक्के कॅल्शियम मिळते. मासळी खारी असेल तर वेगळे मीठ कमी करावे किंवा टाळावे. मीठ जास्त झाले की विष्ठा पातळ होते, खुराड्यात अंथरलेला भुसा ओला होतो आणि अंडी मळकी येतात.

कॅल्शियमचा हिशेब समजून घेण्याजोगा आहे. एका अंड्याच्या कवचात सुमारे 2 ग्रॅमहून थोडे अधिक कॅल्शियम असते आणि खाल्लेल्यापैकी साधारण निम्मेच अंगी लागते, म्हणून रोज अंडे घालणाऱ्या मादीला दिवसाला 4 ग्रॅमच्या वर कॅल्शियम पोटात जायला हवे. प्रमाणाइतकाच दाण्याचा आकार महत्त्वाचा असतो. पिठासारखी चुनखडी दिवसाउजेडीच पोटातून निघून जाते, तर कवच रात्री बनते. दोन ते चार मिलिमीटरचा खडा पेषणीत (दाणे भरडणाऱ्या पोटाच्या भागात) अडकून रात्रभर हळूहळू विरघळतो. त्यासाठी कॅल्शियमचा निम्मा, आणि वयस्क कळपात दोन-तृतीयांश भाग भरड ठेवावा व शक्य असेल तर त्यातला काही दुपारी चारनंतर वेगळा टाकावा. तो खाल्ला जातो की नाही हे पाहण्याची रीत सोपी आहे. दिवेलागणीला माद्या दांडीवर चढल्या की दहा-बारा जणींच्या गळ्याखालची अन्नपिशवी बोटांनी चाचपावी. ती भरलेली आणि आत खडबडीत लागली पाहिजे. मऊ पिठाचा गोळाच हाताला लागत असेल, तर खडे एक तर कमी पडत आहेत किंवा दांडगट माद्या ते एकट्याच खात आहेत.

गोव्यात शिंपल्यांचा तोटा नाही. तिसऱ्यांची, खुब्यांची आणि कालवांची टरफले खाऊन झाल्यावर उकिरड्यावर जातात, ती गोळा करून गोड्या पाण्यात दोनदा धुवावीत, कडक उन्हात वाळवावीत, कुटावीत आणि चाळावीत. भाजून केलेला चुना मात्र कोंबडीला चुकूनही घालू नये. तो तोंड आणि घसा भाजतो.

पहिल्या अंड्याच्या सुमाराला आणखी एक काळजी घ्यावी लागते. अंडे सुरू होण्यापूर्वीच्या दोन-तीन आठवड्यांत मादीच्या लांब हाडांत कॅल्शियमचा खास साठा तयार होतो, त्यासाठी त्या काळात सव्वा ते दीड टक्का कॅल्शियमचा मधला खुराक द्यावा आणि अंडी सुरू होताच पूर्ण खुराकावर यावे. फार आधी साडेतीन टक्के दिल्यास मूत्रपिंडांवर ताण पडतो. हीच गोष्ट नरांची. त्यांना अंडी घालायची नसल्याने त्यांचे खाणे वेगळे, एक टक्क्याच्या आसपास कॅल्शियमचे, माद्यांच्या मानेपेक्षा उंच टांगलेल्या भांड्यात द्यावे. दहा माद्यांमागे एक नर पुरतो, परंतु 45 आठवड्यांनंतर जड आणि आळशी झालेले नर बदलावेत, नाहीतर कवच उत्तम असलेले अंडेही रिकामेच निघते.

50 आठवड्यांनंतर घडणीत मी तीन बदल करतो. शिंपले-चुनखडी 8 वरून 9 किलोवर नेतो आणि तेवढा कोंडा कमी करतो. मेथिओनिन निम्मे करतो, कारण मेथिओनिन आणि मक्यातल्या तेलातले लिनोलिक आम्ल ही दोन्ही अंड्याचे वजन वाढवतात आणि या वयात मोठे अंडे आपल्याला नकोच असते. तिसरा बदल म्हणजे रोजचे खाणे आठवड्याला एखाद-दोन ग्रॅमने, उत्पादनावर डोळा ठेवून, हळूहळू उतरवतो. लठ्ठ मादी कमी अंडी घालते आणि जी घालते त्यांत विचित्र आकाराची अधिक असतात.

आपल्याकडे घरोघर होणारी चूक याच्या उलट टोकाची आहे. कणी, उरलेला भात आणि खोबऱ्याची पेंड यांवर कोंबडी जगते, अंडेही घालते, पण ते अंडे पिल्लासाठी अपुरे पडते. खोबऱ्याच्या पेंडीत लायसिन व मेथिओनिन हे प्रथिनांचे घटक कमी असतात आणि तिच्या तेलात लिनोलिक आम्ल अगदीच थोडे असते. पेंड घालायचीच असेल तर ती सोयाबीनच्या जागी न घालता कोंड्याच्या जागी, थोड्या प्रमाणात घालावी. बलकाचा गर्द केशरी रंग हा या बाबतीत पुरावा नव्हे. तो रंग मक्यातून, शेवग्याच्या पाल्यातून, झेंडूच्या पाकळ्यांतूनही येतो आणि त्यावरून आतल्या जीवनसत्त्वांबद्दल फारसे काही कळत नाही.

आणीबाणीतही पैदाशीच्या कळपाला ब्रॉयलरचा खुराक घालू नये. एका पावसाळ्यात आमचा माल वेळेत आला नाही म्हणून मी सहा दिवस तो घातला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच तपकिरी अंडी फिकी पडू लागली आणि त्या आठवड्याचा घाणा जवळजवळ फुकट गेला. पिशवीवर बारीक अक्षरांत निकार्बाझिन लिहिलेले होते. रक्ती हगवणीवरचे हे औषध मांसाच्या पिल्लांना चालते, पण अंड्याच्या कवचाचा रंग घालवते आणि गर्भ मारते. पिशवीवरची अक्षरे वाचण्याचा आळस माझाच होता.

पावसाळा, उन्हाळा आणि विहिरीचे पाणी

जून ते सप्टेंबर या काळात मक्यातला ओलावा 12 टक्क्यांच्या आत ठेवणे हेच मोठे काम असते. दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे. चेपला जात असेल तर तो साठवू नये. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावीत आणि महिन्याला पुरेल एवढाच माल आणावा. बुरशी आलेला मका उन्हात वाळवून पुन्हा वापरणारे लोक आहेत. बुरशी मरते, पण तिचे विष, अफ्लाटॉक्सिन, उन्हाने जात नाही. प्रिमिक्सही दमट उष्ण हवेत लवकर उतरते, म्हणून उघडलेले पाकीट घट्ट बंद करून थंड जागी ठेवावे आणि वर्षभराचे एकदम घेऊन ठेवू नये.

एप्रिल-मे महिन्यांत कोंबडी धापा टाकते. धापेबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो आणि कवचाला लागणारे कार्बोनेट त्यातूनच बनत असल्याने कवच पातळ होते. तेव्हा खुराक पहाटे आणि संध्याकाळी द्यावा, पाणी सावलीत ठेवावे. याच महिन्यांत खाजन (खाडीकाठच्या बांध घातलेल्या) जमिनीलगतच्या आणि नदीकाठच्या विहिरींचे पाणी मचूळ होते. माणूस ते पीत नाही, पण कोंबड्यांना तेच घातले जाते. खारट पाण्याने कवच बिघडते आणि वयस्क कळपात ते अधिक बिघडते. दर उन्हाळ्यात ठरावीक महिन्यांत कवच पातळ होत असेल, तर आणखी शिंपले घालण्याआधी पाणी चाखून पाहावे.

कवचाची आणि पोटातली परीक्षा

कवचाची जाडी मोडतोड न करता मिठाच्या पाण्यात कळते. लिटरभर पाण्यात सुमारे सव्वाशे ग्रॅम मीठ विरघळवले की पाण्याची विशिष्ट घनता 1.080 च्या आसपास येते. मीठ मिठागरातले असेल तर त्यात माती आणि ओल असते, म्हणून वजनावर विसंबू नये आणि हायड्रोमीटरने खात्री करावी. फेणीची ग्राव (कडकपणा) मोजायची नळी येथे चालत नाही, कारण ती पाण्याहून हलक्या द्रवासाठी असते. त्याच दिवशीची तीस अंडी घेऊन एकेक हलकेच सोडावी. बुडतात ती चांगल्या कवचाची, तरंगतात ती पातळ. कालची-परवाची अंडी घेतल्यास हवेची पोकळी वाढलेली असते आणि निकाल चुकतो. दर महिन्याला हीच चाचणी घेऊन तरंगणाऱ्या अंड्यांची संख्या वयासमोर लिहावी. हळूहळू वाढणारी संख्या वयाची असते, तर एका आठवड्यात उडी मारलेली संख्या खुराकाची, पाण्याची, उष्म्याची किंवा रोगाची असते. कवचावर सुरकुत्या आणि आत पाण्यासारखा पांढरा भाग एकाच वेळी दिसला, तर खुराकाला हात न लावता आधी पशुवैद्यकाला बोलवावे. तो संसर्गजन्य ब्रॉन्कायटिस असू शकतो. चाचणीची अंडी खाण्यासाठी वापरावीत, यंत्रात घालू नयेत.

दुसरी परीक्षा 22 व्या दिवशी होते. न फुटलेली अंडी तशीच टाकून देऊ नयेत. स्टीलच्या ताटलीवर अंडे धरून बोथट टोकाकडचे कवच चिमट्याने काढावे आणि आत काय आहे ते पाहून चार ढिगांत वाटावे. काहीच वाढ नसेल तर नर किंवा साठवणूक पाहावी. रक्ताचे कडे तेवढे दिसले, तर गर्भ पहिल्या चार दिवसांत मेला. अंडी फार कोवळ्या किंवा फार जुन्या कळपाची, जास्त दिवस ठेवलेली, किंवा ई जीवनसत्त्वाला कमी पडलेली असू शकतात. पूर्ण वाढून चोच न मारता मेलेली पिल्ले बहुधा यंत्रातल्या दमटपणाकडे बोट दाखवतात. मात्र पाय आखूड आणि चोच पोपटासारखी वाकडी असेल तर मँगनीज कमी पडल्याचा संशय घ्यावा.

माझे लक्ष सर्वांत आधी मधल्या ढिगाकडे जाते. निरोगी कळपात आठव्या ते सतराव्या दिवसांत फार थोडे गर्भ मरतात. तो ढीग वाढला की प्रिमिक्स तपासायलाच हवे. पिसे गाठाळून गुंडाळलेली दिसली, किंवा जिवंत निघालेल्या पिल्लांची बोटे आत वळलेली असली, तर रिबोफ्लेविन (बी-2 जीवनसत्त्व) कमी पडले असे समजावे.

दमटपणाही वयाशी जोडलेला आहे. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन सुमारे 12 टक्क्यांनी घटले पाहिजे. 1,740 ग्रॅम भरलेला तीस अंड्यांचा ट्रे तोवर 1,530 ग्रॅमच्या आसपास यायला हवा. कोवळ्या कळपाची जाड कवचाची अंडी याहून कमी घटतात आणि पावसाळ्यात तर आणखी कमी, तेव्हा यंत्रातले पाण्याचे भांडे अर्धे झाकावे. जुन्या कळपाची अंडी त्याच यंत्रात जास्त घटतात. म्हणून दोन कळपांचे ट्रे वेगळे तोलावेत आणि शक्य असल्यास वेगळ्या खेपेत लावावेत.

साठवणुकीसाठी 15 ते 18 अंश तापमान आणि निमुळते टोक खाली, हे सर्वांना ठाऊक असते. ज्यांच्याकडे तशी खोली नाही त्यांनी अंडी फ्रिजमध्ये ठेवण्यापेक्षा दर तीन दिवसांनी छोटी खेप लावावी. पावसात थंड खोलीतून एकदम बाहेर काढलेल्या अंड्यांना घाम सुटतो आणि त्या ओलीतून जंतू कवचाच्या छिद्रांतून आत शिरतात. जुन्या, पातळ कवचाच्या अंड्यांना त्याचा धोका अधिक. ट्रे आधी काही तास बाहेरच्या खोलीत, पंख्याच्या हवेत राहू द्यावेत. अंडी पुसू नयेत.

साठ आठवड्यांच्या पुढे दर खेपेचा निकाल कळपाच्या वयासमोर लिहीत जावे. खुराक, नर आणि पाणी तिन्ही ठीक असूनही लागोपाठ तीन खेपा घसरल्या, तर त्या कळपाची अंडी यंत्रात घालणे थांबवावे आणि शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजारात खाण्यासाठी न्यावीत. पुढच्या कळपाची पिल्ले मात्र त्याआधी सहा-सात महिने आणलेली असावीत, कारण तीही 27 आठवड्यांची होईपर्यंत आपल्याला उबवणीजोगी अंडी देणार नाहीत.